फिकट दुसरी रेघ

१३ नोव्हेंबर २००६, सोमवार. सायंकाळ ७.१०

आमच्या कापसाच्या जिनिंग कारखानावाल्यांनी दिलेली डायरी वर्षभर कोरी पडली होती. आजपासून रोज लिहायचं. निर्धार पक्का.

कारणही तसंच आहे. रत्नप्रभाचे नऊ दिवस वर गेलेत. लग्नाला अकरा वर्षं झाली, तिची तारीख चार दिवसांच्या पलीकडे कधी सरकली नव्हती.

पियूषच्या मेडिकलमधून घरी करायच्या टेस्टचं पाकीट आणलं. ते एकटं कसं मागणार? म्हणून आधी बाम घेतला, मग खोकल्याचं औषध, मग घामोळ्यांची पावडर. नोव्हेंबरात. दुकान रिकामं झाल्यावर हळूच ते मागितलं. पियूष स्टुलावर चढला आणि वरूनच ओरडून विचारता झाला की काका, प्रेग्नन्सीचं एक देऊ की दोन. तेवढ्यात चार गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली होती. मी एक म्हणालो आणि पावडर विसरून आलो.

१४ नोव्हेंबर. सकाळी ७.००

पहाटे उठून तिने टेस्ट केली. पाच मिनिटं थांबली. एकच रेघ. एक म्हणजे नाही, दोन म्हणजे दिवस गेले. चहा देताना "नाही" एवढंच म्हणाली आणि शाळेच्या वह्या आवरायला लागली. इथल्या खाजगी शाळेत ती चौथीला शिकवते. मी पेपर वाचत राहिलो. अशा वेळी नवऱ्याने काय बोलायचं, ते मला अजून जमलेलं नाही.

तोच दिवस. सायंकाळ ५.५०

मोठी बातमी.

जिनवरून लवकर आलो. न्हाणीत पाय धुताना कोनाड्यातल्या राखुंडीच्या डब्यामागे कागदाची पुडी दिसली. आईच्या नजरेला पडू नये म्हणून रत्नप्रभाने ते कार्ड तिथं लपवलं होतं. सहज उघडून पाहिलं.

दोन रेघा!

दुसरी फिकट आहे. पण आहे. लगेच अंगणात नेऊन मावळत्या उन्हात धरलं, डोळ्यांपासून एक वीत लांब, जसा मी कापूस धरतो तसं. एकोणीस वर्षं ग्रेडर आहे मी. बैलबंडीतला मूठभर कापूस चिमटीत ओढला की धाग्याची लांबी, डागाळलेली कवडी, ओल, सगळं सांगतो. साध्या माणसाला जिथं नुसतं पांढरं दिसतं तिथं मला पाच प्रकारचं पांढरं दिसतं. बिचारी रत्नप्रभा. तिला कसं दिसणार?

तिला बोलावून दाखवलं. तिने बराच वेळ पाहिलं. म्हणाली, सकाळी तर नव्हती. मी म्हणालो, होती, तुझ्या लक्षात आली नाही. तिने विचारलं, तुम्हाला नक्की दिसते? मी म्हणालो, नक्की. मग ती तुळशीच्या ओट्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मलाही भरून आलं. मी हे कार्ड नीट पाहिलं नसतं तर काय झालं असतं.

१५ नोव्हेंबर

डॉक्टरकडे जाऊन पक्कं करून घेऊ, असं तिचं म्हणणं. मी नको म्हणालो. एक तर सीझन सुरू आहे. दुसरं, ज्याच्या नजरेवर रोज शंभर बंड्यांचा निकाल लागतो, त्याच्या घरच्या निकालावर दुसऱ्याचा शिक्का कशाला? ती बरं म्हणाली. माझ्या शब्दावर तिचा विश्वास आहे, हे पाहून बरं वाटलं.

तिसरा महिना लागेपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. फक्त आईला सांगितलं. आईने देवासमोर शपथ घेतली. जेवणापर्यंत शेजारच्या तिन्ही घरांतून माझं अभिनंदन झालं.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी २.००, जिनवर

एक किरकोळ गोष्ट.

सोमवारच्या शर्टाच्या खिशात पाकिटातला कागद सापडला. माहितीपत्रक. बारीक टाइप, हिंदीत आणि इंग्रजीत. त्यात असं लिहिलंय की निकाल पाच मिनिटांत पाहावा, आणि दहा मिनिटांनंतर काहीही दिसलं तरी ते धरू नये.

मी पाहिलं ते अकरा तासांनी.

तीनदा वाचलं. मग इंग्रजीतलं वाचलं, कारण हिंदी भाषांतरात चुका असतात. इंग्रजीतही तसंच आहे.

कंपन्या असं काहीबाही छापतातच. कोर्टकचेरी नको म्हणून. तरीही मी स्वतःशी प्रामाणिक माणूस आहे. आज घरी गेल्या गेल्या रत्नप्रभाला सांगणार.

रात्री ८.००

नाही सांगितलं. तिने पाटवडी रस्सा केला होता. तोंडात घास असताना अशा गोष्टी बोलू नयेत.

१९ नोव्हेंबर, रविवार

आज सुट्टी, म्हणून आजच सांगायचं ठरवलं होतं. पण सकाळी नळ आला. आईने रत्नप्रभाला बादलीला हात लावू दिला नाही, त्यामुळे सगळं पाणी मी भरलं. वीस बादल्या. पाठ धरली. पाठ धरलेली असताना माणसाचं बोलणं चुकीच्या सुरात जातं. रत्नप्रभाने मी आणलेला तोच बाम लावून दिला. तिच्या हाताखाली मी पालथा पडून होतो आणि मला फार वाईट वाटत होतं.

निर्धार: बुधवारपर्यंत सांगायचं. शेवटची तारीख.

२२ नोव्हेंबर, बुधवार

शास्त्रीय माहिती घेतल्याशिवाय बोलणं बरोबर नाही, म्हणून आधी पियूषकडे गेलो. एका मित्राच्या बायकोचं आहे, असं सांगून विचारलं. पियूषने बी. फार्म. केलंय, बोलतो स्पष्ट. म्हणाला, उशिरा उमटलेली फिकट रेघ म्हणजे कार्ड वाळल्याची खूण, तिला काही अर्थ नाही. कधी कधी उलटंही होतं, फार लवकर टेस्ट केली तर दिवस गेलेले असूनही एकच रेघ येते. पण नऊ दिवस वर गेल्यावर बहुतेक कार्डं धरतातच. आठवड्याने सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा करा, वेळेत पाहा, आणि काही असो, दवाखान्यात तपासून घ्या. मित्राले सांगा, काका, म्हणाला. 'मित्राले' म्हणताना तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत होता.

म्हणजे शास्त्रानुसारसुद्धा ती गरोदर असू शकते. एकच रेघ आली तरी! हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पाच दिवस उगाच माझं मन मला खात होतं.

२४ नोव्हेंबर

कापसाची बंडी एका मुठीवर पास करत नाहीत. वरून एक मूठ, मधून एक, बुडातून एक. तिन्हींचा मेळ पाहून ग्रेड ठरते. हाच नियम घरी लावायचा. एक पाकीट पियूषकडून घेतलं. दुसरं बोरी अरबला वजनकाट्याच्या कामाने गेलो होतो तिथून. तिसरं यवतमाळहून, बसस्टँडजवळून. तीन गावं, तीन कंपन्या. आता संशयाला जागा उरणार नाही.

तिने विचारलं, झालंय ना नक्की, मग पुन्हा कशाला? मी म्हणालो, रेकॉर्डसाठी.

२५ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ६.३०

मी न्हाणीत घड्याळ घेऊन बसलो होतो. पाच मिनिटं. दहा मिनिटं.

तिन्हींवर एक रेघ.

ती दाराबाहेरून विचारत होती, आलं का, पाहू का. मी आतून म्हणालो, ही नवीन पद्धतीची आहेत, यांना संध्याकाळपर्यंत वेळ लागतो. ती हो म्हणाली आणि शाळेत गेली.

मी हे का म्हणालो ते मला माहीत नाही. म्हणजे माहीत आहे.

सायंकाळ ६.००

दोन कार्डांवर फिकट रेघ आली. तिसऱ्यावर नाही. तिसरं मी जिनच्या मागे सरकीच्या फोलात पुरून आलो. दोन तिला दाखवली. या वेळी तिने लगेच रेघ पाहिली. म्हणाली, हो हो, आहे, आता मलेही दिसते.

तीनपैकी दोन. आमच्याकडे याला पास म्हणतात.

जेवण गेलं नाही.

२८ नोव्हेंबर

दिवसभर जिनवर वैताग. यंदा भाव असे पडलेत की एक ग्रेड खाली गेली तरी लोक अंगावर येतात. देवसिंग नावाचा तांड्यावरचा माणूस दोन दिवसांपासून बंडी घेऊन रांगेत होता. त्याला मी खालची ग्रेड सांगितली. तो भांडला नाही. सगळ्यांसमोर बंडीवरून उतरला आणि म्हणाला, "साहेब, एक डाव फिरून पाह्यलं तं तुमचं काय जाते?"

ग्रेडर फिरून पाहत नसतो. तसं पाहायला लागलो तर रांग दारव्ह्यापर्यंत जाईल. पण त्याच्या त्या वाक्यानंतर मी बंडीत पुन्हा हात घातला. वरचा थर दवाने ओला होता, आतला माल चांगला. एक ग्रेड वर दिली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. देवसिंगने आभारही मानले नाहीत, नुसता बैलांना हाकून काट्याकडे गेला.

मला मात्र दिवसभर मोठ्या मनाचं वाटत होतं. याच मनाने घरी जाऊन सगळं सांगून टाकायचं ठरवलं. घरी आलो तर आई जुनी लुगडी फाडून दुपट्यांसाठी घड्या घालत होती आणि रत्नप्रभा सुईत दोरा ओवत होती. मोठं मन जिनवरच राहिलं असावं.

१ डिसेंबर

जया सिस्टर घरी येऊन गेल्या. मागच्या गल्लीत राहतात, ग्रामीण रुग्णालयात नर्स आहेत. त्यांना कळलंच होतं. आमच्या या नेर गावात कळायचं कोण बाकी आहे? नाव नोंदवा लागते, कार्ड काढा लागते, लोहाच्या गोळ्या सुरू करा लागतात, कायले थांबून राह्यले भाऊ, असं त्यांनी मला उभं करून विचारलं. मी सीझनचं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमचा सीझन आहे, वहिनीले कायले थांबवता?

दहा तारखेनंतर नेतो म्हणालो. रत्नप्रभा माझ्याकडे पाहत होती. मी कॅलेंडरकडे.

४ डिसेंबर, सोमवार

सकाळी मळमळलं. दुपारी जळजळ. ताक प्यायलो तरी तेच. आई म्हणाली, होतं असं, काही काही नवऱ्यांनाही डोहाळे लागतात. सगळे हसले. रत्नप्रभा तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. घरात इतकं हसू कितीतरी वर्षांनी झालं असेल. अशा घराला मी तो कागद कसा वाचून दाखवू?

५ डिसेंबर

जया सिस्टर सहा तारखेसाठी रजेवर गेल्या. नागपूरला दीक्षाभूमीवर जाणार आहेत. तीन दिवस नाहीत. हुश्श.

हुश्श लिहून झाल्यावर वाचलं आणि स्वतःची लाज वाटली. खोडत नाही. असू दे.

९ डिसेंबर, शनिवार

जिनवर कापसाच्या दाबलेल्या गठाणींच्या मागे उभं राहून भाषणाची तयारी केली. सुरुवात: रत्नप्रभा, एक टेक्निकल गोष्ट आहे. मग कंपनीची चूक, मग हवामान, मग पियूषचं शास्त्र, शेवटी माझी थोडीशी घाई. या क्रमाने ऐकलं तर धक्का बसणार नाही. दोनदा म्हणून पाहिलं. चांगलं जमलं. हमाल थांबून ऐकत होते.

घरी आलो तर टेबलावर शाळेचं पत्र. उन्हाळ्यातल्या बी. एड.च्या कोर्ससाठी तिची निवड झाली होती. चार वर्षं ती या पत्राची वाट पाहत होती. तिने खाली लिहून सही केली होती, कौटुंबिक कारणामुळे येऊ शकत नाही. मे महिन्यात मला आठवा असेल ना, म्हणाली. बोटांवर मोजून दाखवलं.

मला तिथंच थांबवता आलं असतं. पत्र तिच्या हातात होतं. मी म्हणालो, इतकी घाई कशाला. ती म्हणाली, परवा शेवटचा दिवस आहे.

पत्र परत घेता येत असेल. अर्ज केला तर सगळं परत मिळतं. सोमवारी सकाळी नक्की सांगतो.

११ डिसेंबर, सोमवार. सकाळी १०.३०

तिने पत्र दिलं. मी तिला मोटरसायकलवर शाळेपर्यंत सोडलं. रस्ताभर खड्डे चुकवत होतो, गाडी हळू चालवा असं तिने सांगितलं म्हणून.

१२ डिसेंबर. दुपारी ३.३०

शाळेतून निरोप आला. जिनवरून तसाच पळालो.

तिला शाळेतच रक्त जायला लागलं. तिला वाटलं, मूल गेलं. एका मॅडमनी रिक्षातून ग्रामीण रुग्णालयात नेलं होतं. मी पोचलो तेव्हा ती बाकावर बसली होती, पांढरी पडलेली, आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती की मी काही उचललं नाही, आई, मी काही उचललं नाही. आई शेजारी रडत होती.

डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं. जया सिस्टर बाहेर आल्या. मला बाजूला बोलवायला हवं होतं, पण त्यांनी तसं केलं नाही. रत्नप्रभासमोर बसून तिचा हात धरून म्हणाल्या, "वहिनी, काही गेलं नाही. काही नव्हतंच. पाळी लांबली होती."

अशक्तपणा आहे, थायरॉइड तपासा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. घरी जी टेस्ट केली ती किती मिनिटांनी पाहिली, असंही विचारलं. रत्नप्रभाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, मला आठवत नाही.

१३ डिसेंबर

सांगितलं. सगळं. माहितीपत्रक, पियूष, तीन गावं, सरकीच्या फोलात पुरलेलं तिसरं कार्ड. भाषणाचा क्रम आठवला नाही. माझ्यापासून सुरुवात झाली आणि माझ्यावरच संपलं. कंपनीचा नंबर लागला नाही.

तिने ओरडायला हवं होतं. दुपट्याच्या शिवणीतला दोरा उसवत उसवत तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या दिशी मी माह्या डोळ्यानं एकच रेघ पाह्यली होती. तुम्ही म्हणले दोन, तं मले वाटलं माहेच डोळे खोटे. मग मले खरोखरच दोन दिसाले लागल्या."

आणि उठून दिवा लावायला गेली.

मी तिच्यासाठीच केलं होतं. असं लिहिलं आणि वाचलं. तिच्यासाठी असतं तर सतरा नोव्हेंबरलाच सांगितलं असतं. त्या दिवशी अंगणात ती माझ्याकडे जशी पाहत होती तसं अकरा वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं, आणि मला ते सोडवेना. बस, एवढंच आहे.

१४ डिसेंबर

शाळेत जाऊन हेडमास्तरांना भेटलो. पत्र परत मिळेल का विचारलं. त्यांनी ते सोमवारीच वर पाठवलं. यादीतल्या पुढच्या बाईंना कळवलंसुद्धा. अर्ज करून पाहा म्हणाले. अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. नजरचूक असं लिहिलं.

१६ डिसेंबर, शनिवार. सायंकाळ

रत्नप्रभा जया सिस्टरांबरोबर यवतमाळला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन आली. मी येतो म्हणालो होतो. ती म्हणाली, तुमचा सीझन आहे. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं वाटलं असतं.

डॉक्टर बाईंनी तिला गोळ्या दिल्या आणि पहिला प्रश्न विचारला तो असा की नवऱ्याची तपासणी झाली का. अकरा वर्षांत झालेली नाही. दोनदा विषय निघाला होता. दोन्ही वेळा सीझन होता. त्यातल्या एकदा तर सीझन संपल्यावर मार्चमध्ये निघाला होता, तेव्हाही मी सीझनच म्हणालो असं रत्नप्रभाने त्यांना सांगितलं. मला ते आठवत नव्हतं. तिला आठवतं.

मी सोमवारी जातो म्हणालो. तिने मान हलवली आणि भाकरी उलटली.

१८ डिसेंबर, सोमवार

गेलो. खरंच गेलो. यवतमाळच्या लॅबमध्ये. सविस्तर लिहिण्यासारखं नाही. एक छोटी खोली, एक डबी, बाहेर बाकावर बसलेली सात माणसं आणि कुणीच कुणाकडे पाहत नाही. लॅबवाल्याला विचारलं, हा रिपोर्ट पक्का असतो ना? तो म्हणाला, एकाच रिपोर्टवरून काही ठरवू नका, महिन्याने पुन्हा करून डॉक्टरला दाखवा. मी म्हणालो, बरोबर आहे. अगदी बरोबर आहे. दोनदा म्हणालो. त्याला वाटलं असेल, माणूस समजूतदार दिसतो.

१९ डिसेंबर. सायंकाळ ६.४५

रिपोर्ट घेऊन आलो. बंद लिफाफा. बसमध्ये दीड तास मांडीवर होता. दोनदा उजेडाकडे धरला, पण उघडला नाही. हे कुठेतरी नोंदवलेलं असावं म्हणून लिहितो.

घरी आल्यावर तो तिच्या हातात दिला. म्हणालो, तूच पाहा, मी काही बोलणार नाही. तिने हात पुसले, लिफाफा नीट कडेने फाडला, कागद काढला आणि वाचला. वरपासून खालपर्यंत. मग पुन्हा वरपासून. मग घडी घालून आपल्या शाळेच्या पिशवीत ठेवला आणि चेन लावली.

मी विचारलं, काय आहे?

ती म्हणाली, महिन्याने पुन्हा करायची आहे ना, ते झाल्यावर डॉक्टर सांगतील. आणि कणीक मळायला बसली. मी दारात उभा राहून बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहिलं. काही कळलं नाही.